जमीन पुरेल, पण माती उरेल काय?

राष्ट्राच्या बलाबलाचा विचार करताना आपण सैन्यदल, उद्योग, परकीय चलनाची गंगाजळी आणि विज्ञान-तंत्रज्ञान यांची मोजदाद करतो. देशाजवळ पिकाऊ जमीन किती आहे आणि ती पुढच्या दोन पिढ्यांना पुरेल काय, हा प्रश्न मात्र त्या मोजदादीत सहसा येत नाही. पोट भरलेले असले की अन्नाचा विसर पडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. राष्ट्राला मात्र असा विसर परवडत नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाच्या निमित्ताने हा प्रश्न आज मराठवाड्याच्या बांधावर येऊन उभा राहिला आहे. म्हणूनच त्याचा हिशेब दूरच्या राजधानीत बसून न मांडता हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या शिवारातून मांडणे अधिक उचित ठरेल.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. २००१ च्या जनगणनेत ९ लाख ८७ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ११ लाख ७७ हजारांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत १९ टक्क्यांनी वाढली. यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यात राहतात. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या काठची काळी जमीन, औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद ही या जिल्ह्याची ओळख. येथे मोठे शहर नाही, मोठी उद्योगनगरीही नाही. जे काही आहे ते मातीच्या भरवशावर आहे. देशाच्या जमिनीचे भवितव्य काय, हे पाहण्यासाठी याहून योग्य आरसा क्वचितच सापडेल.

माणशी तेहतीस गुंठ्यांवरून दहा गुंठ्यांच्या आत

प्रथम आकडे पाहू. १९५०-५१ मध्ये भारतातील निव्वळ पेरणीक्षेत्र ११ कोटी ८७ लाख हेक्टर होते. पुढच्या वीस वर्षांत पडीक माळ, कुरणे आणि वनांच्या कडा नांगराखाली आल्या आणि १९७०-७१ पर्यंत ते १४ कोटी हेक्टरांवर गेले. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले. आकडा आजही १४ कोटींच्या आसपासच आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. देशात नव्याने नांगरायला जमीन शिल्लक उरलेली नाही. एकीकडे थोडीफार भर पडते, तर दुसरीकडे तेवढीच जमीन गावठाणे, रस्ते, कारखाने आणि जलाशय यांच्याखाली जाते.

लोकसंख्या मात्र थांबलेली नाही. १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो. तेव्हा प्रत्येक देशवासीयाच्या वाट्याला पिकाऊ जमिनीचे सुमारे ३३ गुंठे येत होते. आज लोकसंख्या १४५ कोटींच्या घरात आहे आणि माणशी वाटा १० गुंठ्यांच्याही आत आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकात सुमारे १७० कोटींवर जाऊन मग उतरणीला लागेल. म्हणजे एकही गुंठा गमावला नाही, तरी माणशी वाटा आठ गुंठ्यांवर येणार.

हे आकडे पाहून कोणाचेही मन धास्तावेल. पण अशी धास्ती पूर्वीही होती. माल्थसने १७९८ मध्ये लोकसंख्या अन्नाला मागे टाकील असा सिद्धांत मांडला. १९६७ मध्ये विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकी बंधूंनी १९७५ मध्ये जगात दुष्काळ पडेल असे भाकीत करणारे पुस्तक लिहिले आणि भारतासारख्या देशाला मदत करून उपयोग नाही, असाच त्याचा रोख होता. त्या वर्षांत आपण पीएल-४८० अन्वये येणाऱ्या अमेरिकी गव्हावर अवलंबून होतो आणि लालबहादूर शास्त्रींना देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन करावे लागले होते. भाकीत खोटे ठरले. ते खोटे ठरविले आपल्या शेतकऱ्याने आणि कृषिशास्त्रज्ञाने.

१९५०-५१ मध्ये देशात ५ कोटी टन अन्नधान्य पिकत होते आणि हेक्टरी सरासरी उत्पादन होते ५२२ किलो. २०२४-२५ मध्ये उत्पादन ३५ कोटी टनांच्या पुढे गेले. त्या जुन्या उताऱ्याने आजचे धान्य पिकवायचे म्हटले असते तर सुमारे ६७ कोटी हेक्टर जमीन लागली असती. आणि भारताचे एकूण भौगोलिक क्षेत्रच ३३ कोटी हेक्टरांहून कमी आहे! सुधारित बियाणे, पाणी, खत आणि वर्षातून दुसरे पीक यांनी आपल्याला जणू एक दुसरा भारत मिळवून दिला. १९५०-५१ मध्ये शंभर हेक्टर जमिनीवर वर्षभरात १११ हेक्टर पिके निघत. आज ती १५५ हेक्टरांच्या आसपास निघतात.

पुढचे काय? नीती आयोगाच्या कार्यगटाच्या अंदाजानुसार २०४७-४८ मध्ये देशाची अन्नधान्याची गरज ४० ते ४४ कोटी टनांच्या दरम्यान राहील. आजच्या उत्पादनात वर्षाला एक टक्क्याहून थोडी कमी वाढ होत राहिली तरी तेथे पोहोचता येते. तेव्हा नुसता तांदूळ आणि गहू यांचाच विचार केला तर ‘जमीन पुरेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘पुरेल’ असेच द्यावे लागेल. मात्र हे उत्तर येथेच संपत नाही.

परक्या भूमीवरची आपली शेती

माणूस भात-पोळीवर जगत नाही. त्याला वरण लागते आणि फोडणीला तेल लागते. भारत हा जगातील सर्वांत मोठा डाळ पिकविणारा, खाणारा आणि आयात करणाराही देश आहे. २०२४-२५ मध्ये आपण सुमारे ७३ लाख टन कडधान्ये बाहेरून आणली. आपल्याकडील हेक्टरी सरासरी नऊ क्विंटल धरली तर एवढे धान्य पिकवायला ८० लाख हेक्टर जमीन लागेल. म्हणजे कॅनडा, म्यानमार, टांझानिया, ऑस्ट्रेलिया आदी देशांत आपण जणू ८० लाख हेक्टर कसत आहोत, फक्त सातबारा आपल्या नावावर नाही.

तेलाची स्थिती याहून चिंताजनक आहे. देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे १६० लाख टन, आयात होते. हिंगोलीचे खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. देशातील त्याची सरासरी हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास आणि त्यात तेलाचा अंश १८ टक्के. आयातीचे सारे तेल याच सोयाबीनमधून काढायचे ठरविले तर आणखी सुमारे ९ कोटी हेक्टर जमीन हवी! मोहरीच्या हिशेबाने तीन कोटी हेक्टरांवर भागेल. पण तेवढी तरी जमीन कोठे आहे? ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी तीस क्विंटलहून अधिक सोयाबीन काढतो. आपण नुसते वीस क्विंटलवर आलो तरी ती ९ कोटींची भूक निम्म्यावर येते. तेव्हा जमिनीचा खरा तुटवडा हेक्टरांमध्ये दिसतो, पण तो दडलेला आहे उताऱ्यामध्ये.

परावलंबनाची किंमत काय असते, हे २०२२ मध्ये दिसले. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले आणि एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. भारतीय गृहिणीच्या फोडणीचे गणित हजारो कोसांवरच्या निर्णयाने बिघडले. आपणही त्याच वर्षी मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबविली. संकटाच्या वेळी प्रत्येक राष्ट्र आधी आपल्या घरचे पाहते आणि त्यात गैर काही नाही. परदेशात जमीन घेऊन शेती करावी, हा मार्ग काहींना मोहक वाटतो. दक्षिण कोरियातील देवू कंपनीने २००८ मध्ये मादागास्करमध्ये १३ लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेण्याचा घाट घातला होता. लोकक्षोभ उसळला, २००९ मध्ये तेथील सरकार गेले आणि तो करारही गेला. परक्याची भूमी अडचणीच्या दिवशी आपली राहत नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्यांसाठी स्वतंत्र अभियान हाती घेतले. दोन्हींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु धोरणात सुसंगती हवी. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त करण्यात आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर पुन्हा ३० टक्के शुल्क लागू झाले. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत स्वस्त वाटाण्याने तूर-हरभऱ्याचे भाव दाबले गेले. ज्याला ‘डाळ पिकव’ असे सांगायचे त्याच्याच मालाचा भाव पाडायचा, हा व्यवहार फार काळ चालत नाही. शेतकरी अभियानाची जाहिरात वाचून पेरणी ठरवीत नाही; मागच्या हंगामात मोंढ्यावर काय भाव मिळाला, हे पाहून ठरवितो.

पायाखालची माती

जमीन आणि माती हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण जमीन सातबाऱ्यावर असते, माती शेतात असते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र कायम राहूनही शेतातली माती निघून जाऊ शकते. इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमिनीची प्रत खालावलेली आहे. हे प्रमाण देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ ३० टक्के भरते. पाण्याने होणारी धूप हे त्याचे एक मुख्य कारण. काळी माती बेसाल्टच्या कातळापासून तयार व्हायला शतकानुशतके लागतात. वाहून जायला एक रात्र पुरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने ते अनुभवले. अतिवृष्टीने पिके तर गेलीच, पण नदीनाल्यांच्या काठची जमीनच खरडून गेली. राज्य शासनाने ऑक्टोबरमध्ये मदत जाहीर केली तेव्हा खरडून गेलेल्या जमिनीचा अंदाज सुमारे ६० हजार हेक्टरांचा होता. अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे देण्याचे ठरले. निर्णय योग्यच होता. पण पैशाने माती आणता येते, ती तयार करता येत नाही. कोठल्या तरी तलावातला गाळ उचलून तो शेतात पसरायचा, एवढेच आपल्या हाती असते.

धूप दिसते तरी. दुसरी झीज दिसतही नाही. दोन पिढ्यांपूर्वी हिंगोली-परभणीच्या शिवारात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद यांची फेरपालट असे. ज्वारीचा कडबा जनावरांना, जनावरांचे शेण उकिरड्यावर आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात, असे ते चक्र होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सोयाबीन आले. ते रोख पैसा देणारे आणि कमी दिवसांचे पीक असल्याने शेतकऱ्याने ते स्वीकारले, यात त्याचा दोष नाही. परंतु सोयाबीनमागे हरभरा आणि हरभऱ्यामागे पुन्हा सोयाबीन, हा क्रम रुजला. ज्वारी हटली तसा कडबा हटला, कडब्यामागोमाग गोठा रिकामा झाला आणि गोठ्यामागोमाग शेणखत आटले. सेंद्रिय अंश घटलेली जमीन पावसाचे पाणी धरून ठेवीत नाही. मग आठ दिवसांचा खंड पडला की पीक माना टाकते आणि जोराचा पाऊस आला की माती वाहते. अवर्षण आणि अतिवृष्टी या दोन्ही संकटांचे मूळ काही अंशी असे बांधाच्या आतच आहे. गोवंशाचा विषय आपल्याकडे श्रद्धेच्या अंगाने नेहमी मांडला जातो. मातीच्या अंगाने तो तितक्याच आग्रहाने मांडला गेला पाहिजे.

तिसरी झीज वाटणीची. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहितीखाते ४.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेताचे न परवडणारे तुकडे होऊ नयेत असा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे असे ठरविण्यात आले. व्यवहार सुलभ झाले हे खरे. पण दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर शेती उभी राहत नाही, भूखंड उभा राहतो, हेही तितकेच खरे.

रस्ता आणि शेत

आता शक्तिपीठ महामार्गाकडे वळू. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा आणि हिंगोलीसह बारा जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग आखण्यात आला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही देवीची पीठे, औंढा आणि परळी ही ज्योतिर्लिंगे, तसेच पंढरपूर जोडावे ही कल्पना कोणाही श्रद्धावंताला भावेल अशीच आहे. त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचे साडेसात ते साडेआठ हजार हेक्टरांच्या दरम्यानचे आकडे वेळोवेळी पुढे आले. कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांनी विरोध केला, तो हिंगोली जिल्ह्यातही झाला, आणि आखणीत बदलही करावे लागले.

या विरोधाला विकासद्रोह म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही आहे. तसेच प्रत्येक रस्त्याला शेतीचा शत्रू ठरविणेही चूक आहे. रस्त्याने हळद मोंढ्यात जाते, केळी परप्रांतात जातात आणि आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचतो. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि अकोला–पूर्णा रेल्वेचे रुंदीकरण यांनी जिल्ह्याचे भलेच केले आहे. टक्केवारीने पाहिले तर आठ हजार हेक्टर म्हणजे राज्याच्या पेरणीक्षेत्राचा दोन हजारावा हिस्सा. एका सप्टेंबरात त्याच्या सातपट जमीन खरडून गेली, हे वर आलेच आहे. म्हणजे महामार्गामुळे देश उपाशी पडेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

मग आक्षेप कशावर? तो निवडीच्या पद्धतीवर आहे. सगळी जमीन सारखी नसते. सेनगाव-औंढ्याकडचे मुरमाड बरड आणि सिद्धेश्वर वा इसापूरच्या कालव्याखालची खोल काळी जमीन यांचे मोल एक नाही. या धरणांसाठी कोणाची तरी गावे आणि शेते पाण्याखाली गेली, शासनाने तिजोरी रिकामी केली, तेव्हा कोठे खालच्या शिवारात बारमाही पाणी आले. हिंगोलीचे नाव सिंचनाच्या अनुशेषाच्या चर्चेत आजही येते. अशा जिल्ह्यात भिजणारी जमीन रस्त्याखाली घालणे म्हणजे एकदा मोजलेली किंमत दुसऱ्यांदा मोजणे होय.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने हे ओळखले होते. त्याच्या दहाव्या कलमानुसार एकाहून अधिक पिके देणारी ओलिताची जमीन अन्य उपाय नसेल तरच घ्यावी आणि घेतल्यास तेवढीच पडीक जमीन लागवडीयोग्य करावी किंवा तिच्या मूल्याएवढी रक्कम शेतीच्या विकासासाठी ठेवावी. परंतु त्याच कलमात महामार्ग, रेल्वे, कालवे अशा रेषेसारख्या प्रकल्पांना या बंधनातून वगळण्यात आले. ओलिताच्या पट्ट्यांना उभे-आडवे छेदणारे प्रकल्प नेमके याच प्रकारचे असतात! कुंपण घातले आणि दार उघडे ठेवले, असा हा प्रकार आहे.

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरण आहे. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. तिला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २ हजार ६०० कोटींची मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे आहेत आणि त्यांनाही जमीन लागलीच. पण देशातील अनेक जागा पारखून, भूमीची सूक्ष्म कंपनेसुद्धा मोजून, मग ही जागा ठरली. विज्ञानाच्या यंत्रासाठी आपण एवढी चिकित्सा करू शकतो, तर अन्न देणाऱ्या भूमीसाठी का नाही? रस्त्याची रेषा नकाशावर ओढण्यापूर्वी मातीची खोली, कालव्याचे लाभक्षेत्र आणि विहिरींची संख्या पाहिली जावी, पर्यायी आखणी कोणत्या होत्या आणि त्या का नाकारल्या हे गावसभेपुढे ठेवले जावे, अस्तित्वातील महामार्गांचे रुंदीकरण करून तीर्थक्षेत्रे जोडता येतील काय याचे उत्तर दिले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. देवदर्शनाला लवकर पोहोचण्यासाठी नैवेद्य पिकविणारे शेतच कमी करावे, हे देवालाही रुचणार नाही.

कर्तव्य कोणाचे?

चीनची राजवट आणि आपली लोकशाही यांत महदंतर आहे. तेथील दडपशाही आपल्याला नको. पण २००६ पासून चीनने एक मर्यादारेषा आखली. लागवडीखालील जमीन १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टरांच्या खाली जाऊ द्यायची नाही. त्यातही उत्तम जमीन वेगळी नोंदवून तिला अधिक संरक्षण दिले. तरीही चीन वर्षाला सुमारे १० कोटी टन सोयाबीन आयात करतो, कारण तेथेही रेषा उशिरा आखली गेली. आपल्याकडे तर अशी रेषाच नाही. आपल्याला वनांचा नकाशा आहे, सागरकिनाऱ्याच्या नियमनाची रेषा आहे; पिकाऊ जमिनीची मात्र नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक तालुक्यात मृद्‌सर्वेक्षणाच्या आधारे खोल काळ्या आणि ओलिताच्या जमिनीचे संरक्षित क्षेत्र निश्चित व्हावे. हिंगोलीसारख्या छोट्या जिल्ह्यात हे काम परभणीचे कृषी विद्यापीठ, तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि महसूल खाते यांना मिळून करता येण्याजोगे आहे. २०१३ च्या कायद्यातील रेषेसारख्या प्रकल्पांची सूट काढावी. निदान पर्यायी पडीक जमीन विकसित करण्याची अट त्यांनाही लावावी. नवे कारखाने, गोदामे आणि सौर प्रकल्प यांनी आधी बरडाकडे पाहावे. २०१७ पासून राज्यात असलेली धरणांतील गाळ शेतात नेण्याची योजना खरडलेल्या जमिनींसाठी प्राधान्याने राबवावी आणि नानाजी देशमुखांच्या नावाने चालणाऱ्या कृषी संजीवनी प्रकल्पाचे यश अनुदानाच्या रकमेने न मोजता किती शेतांची माती थांबली यावरून मोजावे.

शेतकऱ्याच्या बाजूलाही काही कर्तव्य आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली तर अधिकच्या पावसात पाणी निघून जाते आणि खंडात ओल टिकते, हे मराठवाड्यातील अनेक शेतांत सिद्ध झाले आहे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, तीन वर्षांतून एकदा तरी ज्वारी, धुऱ्यावर झाड आणि काडीकचरा न जाळता जमिनीत गाडणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. भावाभावांच्या वाटणीत कागदावर हिस्से पडले तरी वहिती एकत्र ठेवता येते. गटशेती आणि उत्पादक कंपन्या हे त्याचे आजचे रूप आहे.

पण सर्वांत मोठी गोष्ट भावाची. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सर्व मार्गांचे मिळून मासिक उत्पन्न १० हजार २१८ रुपये आढळले होते. एवढ्यावर संसार चालविणाऱ्या माणसापुढे एखादा दलाल एकरकमी लाखांचे आकडे ठेवतो, तेव्हा त्याला भूमातेचे महत्त्व सांगायला जाणे ही क्रूर थट्टा ठरते. जमीन कायद्याने काही काळ अडवून ठेवता येते. ती टिकते मात्र कसणाऱ्याला ती टिकविण्यात लाभ असेल तेव्हाच. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी डाळ दहा रुपयांनी महागली की ओरड करायची आणि शेतजमीन घटते म्हणून चिंतेचे लेख वाचायचे, हा दुटप्पीपणा सोडला पाहिजे. पंगतीत टाकून दिलेल्या पानापासून गोदामात सडणाऱ्या पोत्यापर्यंत वाया जाणारा प्रत्येक घास कोणाच्या तरी गुंठ्यातला असतो, याचेही भान हवे.

भारताला जमीन पुरेल काय, असे कोणी विचारले तर उत्तर द्यावे : होय, पुरेल. पण तिची माती बांधाच्या आत राहिली, तिला शेणखत आणि पाणी मिळाले, चांगली जमीन चांगल्या कामासाठी राखली गेली आणि कसणाऱ्याचे घर तिच्यावर चालले, तरच पुरेल. पृथ्वीला माता म्हणणारी आपली परंपरा आहे. मातेची सेवा मुलांच्या सोयीनुसार होत नसते; ती तिच्या गरजेनुसार करावी लागते. माणशी दहा गुंठ्यांची ही ठेव आपल्याला मागच्या पिढ्यांनी सोपविली. पुढच्यांच्या हाती ती आठ गुंठे म्हणून जाईल, हे अटळ दिसते. त्या आठ गुंठ्यांत पीक येईल की नाही, हे मात्र आज आपण काय करतो यावर ठरणार आहे.